शोध घेणे, शोध लागणे : ‘आउटर वाइल्ड्स’चे २२ मिनिटांचे विश्व

मराठीत ‘शोध’ हा शब्द दोन क्रियापदांबरोबर येतो आणि दोन्ही वेळा त्याचा अर्थ बदलतो. हरवलेल्या वस्तूचा आपण शोध घेतो. गुरुत्वाकर्षणाचा मात्र शोध लागतो. पहिल्या प्रयोगात माणूस कर्ता आहे. श्रम त्याचे आहेत आणि काय शोधायचे तेही त्याला साधारण ठाऊक आहे. दुसऱ्या प्रयोगात तो जवळजवळ साक्षीदार आहे. काहीतरी त्याला ‘लागते’, जशी ठेच लागते, जसा चालता चालता एखादा ओढा लागतो. व्हिडिओ गेममधल्या भटकंतीचा विचार करताना हा फरक मला फार उपयोगी पडला आहे. गेल्या पन्नास वर्षांत या माध्यमाने शोध घेण्याची साधने अफाट वाढवली. पडद्यावरचे जग विस्तारले, नकाशे तपशीलवार झाले, घोडे, नौका, विमाने हाती आली. पण खेळताना शोध ‘लागला’ असे म्हणावे, असे क्षण त्या प्रमाणात वाढले का, हा प्रश्न उरतोच.

या लेखात प्रामुख्याने एकाच खेळाचा विचार केला आहे. ‘आउटर वाइल्ड्स’ हा साहसी खेळ मोबियस डिजिटल या छोट्या अमेरिकन चमूने तयार केला आणि तो २०१९च्या मे महिन्यात प्रसिद्ध झाला. त्याचे मूळ अ‍ॅलेक्स बीचम या विद्यार्थ्याने सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात केलेल्या पदव्युत्तर प्रबंध-प्रकल्पात आहे. अपूर्णावस्थेतच त्याला २०१५ साली स्वतंत्र खेळांच्या महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि २०२० साली ब्रिटिश अकादमीने त्याला वर्षातील सर्वोत्तम खेळ ठरवले. पारितोषिके मिळालेले खेळ पुष्कळ असतात. या खेळाची दखल घ्यायची ती वेगळ्या कारणासाठी. यात खेळाडूला पुढे जाण्यासाठी ज्ञानाखेरीज दुसरे काहीही मिळवावे लागत नाही आणि त्यासाठी रचनाकारांना एक संपूर्ण विश्व निराळ्या तत्त्वावर उभे करावे लागले. ते तत्त्व कोणते, ते कुठे तोकडे पडते आणि शेवटी ते आपल्याला कुठे नेऊन सोडते, हे पाहायचे आहे. ज्यांनी आयुष्यात एकही गेम खेळलेला नाही त्यांनाही समजावे अशा रीतीने ते मांडण्याचा प्रयत्न करतो.

गुहा आणि गुणफलक

साहसी खेळांची वंशावळ एका खऱ्याखुऱ्या गुहेपाशी सुरू होते. विल क्राउदर हा ‘बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन’ या कंपनीतला प्रोग्रॅमर. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या ‘आर्पानेट’च्या उभारणीत त्याचा सहभाग होता. त्याला आणि त्याची पत्नी पॅट्रिशिया हिला गुहांचे वेड होते. केंटकी राज्यातल्या मॅमथ केव्हच्या परिसरात उतरायचे, फीत धरून मोजमापे घ्यायची, नकाशे करायचे, हा दोघांचा छंद. फ्लिंट रिज आणि मॅमथ केव्ह या दोन गुहा आतून जोडलेल्या आहेत हे १९७२ साली ज्या तुकडीने दाखवून दिले, तीत पॅट्रिशिया होती. पुढे हे लग्न मोडले. आपल्या मुलींना खेळता यावे म्हणून क्राउदरने १९७५-७६च्या सुमारास एक प्रोग्रॅम लिहिला. त्यात चित्र नव्हते. पडद्यावर चार ओळींत जागेचे वर्णन यायचे आणि ‘उत्तरेला जा’, ‘दिवा उचल’ अशी एकदोन शब्दांची आज्ञा खेळाडूने टंकायची. ‘अ‍ॅडव्हेंचर’ हे त्याचे नाव. एका सबंध खेळप्रकाराला पुढे तेच नाव मिळाले.

स्टॅनफर्डमधल्या डॉन वुड्सने १९७७ साली या खेळाचा विस्तार केला. अभ्यासकांना बरीच वर्षे वुड्सने वाढवलेले रूपच ठाऊक होते. डेनिस जर्झ या प्राध्यापकाने क्राउदरचा मूळ प्रोग्रॅम मिळवून २००७ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. खेळातली वर्णने त्याने प्रत्यक्ष गुहेशी ताडून पाहिली, तेव्हा क्राउदरने आपल्या ओळखीची जागा किती प्रामाणिकपणे उतरवली होती हे स्पष्ट झाले. थोडी जादू आणि थोडा खजिना क्राउदरच्या आवृत्तीतही आहे. पण खजिना मोजून त्याचे गुण देण्याची व्यवस्था आणली ती वुड्सने.

ही बाब वरवर किरकोळ वाटते. माझ्या मते मात्र पुढच्या चाळीस वर्षांचा वाद तिच्यात बीजरूपाने आहे. क्राउदरसाठी गुहा हेच बक्षीस होते. गुण आले आणि गुहा बक्षिसाकडे जाण्याची वाट झाली. खेळाडू आता जागा पाहायला जात नाही. तिथे काय ठेवले आहे ते आणायला जातो.

या वाटेचे एक टोक २००७च्या ‘असॅसिन्स क्रीड’ या खेळात दिसते. शहरातल्या उंच मनोऱ्यावर चढायचे, वरून एकदा चौफेर नजर टाकायची आणि त्या भागातल्या महत्त्वाच्या सगळ्या जागा नकाशावर चिन्हांच्या रूपाने उमटणार. युक्ती इतकी सोयीची की पुढे अनेक मोठ्या खेळांनी ती उचलली. मनोऱ्यावरून उतरल्यावर उरते ती यादी. यादीतल्या जागी जायचे, टिकमार्क करायचा, पुढच्या जागी निघायचे. नकाशा आणि ताबा यांचे हे नाते आपल्याला अपरिचित नाही. १८०२ साली मद्रासजवळ सुरू झालेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातही उंचावरून पाहणे, मोजणे आणि राज्य करणे या गोष्टी हातात हात घालून चालल्या होत्या. खेळांत कोणावर प्रत्यक्ष अन्याय होत नाही हे खरे. पण पाहिले म्हणजे आपले झाले, ही दृष्टी तीच.

दुसरे टोक आकाराचे. २०१६ सालच्या ‘नो मॅन्स स्काय’मध्ये गणिती सूत्रांनी निर्माण होणाऱ्या ग्रहांची संख्या दोनाचा ६४वा घात, म्हणजे १८ या आकड्यापुढे १८ शून्ये द्यावीत त्याहूनही जास्त आहे. इतके ग्रह कोणालाही जन्मभरात पाहता येणार नाहीत. प्रत्येक ग्रहावरचे प्राणी, वनस्पती, आकाशाचा रंग वेगळा. तरी दहाबारा ग्रहांनंतर मन थकते, कारण फरक असतो तो फक्त रूपाचा. एका ग्रहावर जे पाहिले त्याने दुसऱ्या ग्रहाबद्दल काहीच कळत नाही. तिथे अमर्याद हिंडता येते. पण एका दर्शनाने दुसऱ्याचा उलगडा झाला असे क्वचितच होते.

सहा मुक्काम आणि एक घड्याळ

‘आउटर वाइल्ड्स’ने बरोबर उलट रस्ता धरला. त्यात एक लहानशी सूर्यमाला आहे. एक सूर्य, मोजके ग्रह, दोनतीन उपग्रह, एक धूमकेतू. ग्रहही इतके छोटे की काही मिनिटांत एखाद्याला पायी प्रदक्षिणा घालता यावी. टिंबर हार्थ या आपल्या गावच्या ग्रहावर पाइनची झाडे आहेत, एक धबधबा आहे, लाकडी घरे आहेत आणि चार डोळ्यांचे गावकरी आहेत. अंतराळयानसुद्धा सुताराने फळ्या ठोकून केल्यासारखे. आपण या गावातले नवे अंतराळवीर. पहिल्या उड्डाणाआधी शेकोटीवर मार्शमेलो भाजता येतो. हातात शस्त्र नाही आणि पुढे ते कधी मिळणारही नाही. एक दुर्बीणवजा यंत्र आहे ज्यातून दूरचे आवाज ऐकू येतात, फोटो काढून पाठवणारा एक छोटा कॅमेरा आहे आणि ‘नोमाई’ नावाच्या लुप्त जमातीची लिपी वाचून दाखवणारे एक यंत्र आहे. एवढीच शिदोरी.

खेळ सुरू होऊन २२ मिनिटे झाली की सूर्याचा स्फोट होतो आणि सगळे भस्म होते. मग आपण पुन्हा त्याच शेकोटीपाशी डोळे उघडतो. पुन्हा २२ मिनिटे. या फेऱ्यांमधून आपल्याबरोबर काही वस्तू येत नाही. येते ती फक्त आठवण.

या घड्याळाचा परिणाम सगळ्या भूगोलावर होतो. अ‍ॅश ट्विन आणि एंबर ट्विन हे जुळे ग्रह एकमेकांभोवती फिरतात. पहिल्यावरची वाळू एका जाड सोंडेतून सतत दुसऱ्यावर पडत असते, वाळूच्या घड्याळासारखी. सुरुवातीला एंबर ट्विनच्या खोल गुहा मोकळ्या असतात. शेवटी त्या वाळूने बुजतात आणि तोवर अ‍ॅश ट्विनवर गाडलेले मनोरे उघडे पडलेले असतात. ब्रिटल हॉलो हा ग्रह नावाप्रमाणेच ठिसूळ आणि पोकळ. त्याच्या पोटात कृष्णविवर आहे. ज्वालामुखीने धगधगणारा त्याचा उपग्रह वरून जळते गोळे फेकतो आणि कवचाचे तुकडे एकामागून एक आत कोसळतात. जायंट्स डीप हा सगळा समुद्र. त्यावरची वादळे आख्खी बेटे उचलून आकाशात भिरकावतात आणि ती परत पाण्यात आपटतात.

म्हणून इथे ‘ती जागा कुठे आहे’ या प्रश्नाला अर्धेच उत्तर असते. ‘केव्हा’ हेही विचारावे लागते. ब्रिटल हॉलोवर एक मनोरा आहे. त्याच्या आतला रस्ता तुटल्यामुळे वर चढता येत नाही. यावर सामान्य खेळात एक दोर मिळाला असता, किंवा उंच उडी मारण्याची शक्ती. इथे काही मिळत नाही. वाट पाहायची. फेरीच्या उत्तरार्धात मनोऱ्याखालचे कवच ढासळते, मनोरा कृष्णविवरात पडतो आणि सूर्यमालेच्या टोकाशी असलेल्या श्वेतविवरातून बाहेर येतो. तिथे गुरुत्वाकर्षण नाही. त्यामुळे चढण्याचा प्रश्नच उरत नाही. तरंगत आत जायचे. अडथळा दूर कोणी केला? कोणीच नाही. जग आपल्या गतीने चालत होते आणि ती गती आपल्याला समजली.

तंत्राच्या बाजूनेही हे नाटक नाही. ग्रहांच्या हालचाली, वाळूची सोंड, कवचाची पडझड, हे सगळे खेळाडू पाहत असो वा नसो, चालूच असते. आपण एका ग्रहावर असताना दुसऱ्यावरचे बेट ठरल्याप्रमाणे उडालेले असते. अवकाशातल्या मोठ्या अंतरांमुळे संगणकाच्या आकडेमोडीत चुका होऊ नयेत म्हणून रचनाकारांनी एक युक्ती केली : खेळाडूला विश्वाच्या मध्यावर स्थिर ठेवले आणि बाकी सगळे त्याच्याभोवती हलवले. गंमत अशी, की हिशेबात ज्याला केंद्र केले त्याच खेळाडूला तू या विश्वाचा केंद्रबिंदू नाहीस, असे हा खेळ पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगत राहतो.

आंधळी कोशिंबीर

रचनेचे मर्म एका उदाहरणाने सांगतो. डार्क ब्रॅम्बल हे धुक्याने भरलेले काटेरी वेलींचे जंजाळ आहे. आत अजस्र अँगलरफिश आहेत, कपाळावर दिवा असलेले, खोल समुद्रातल्या माशांसारखे. यान आत शिरले की ते झेपावतात आणि गिळतात. मी सलग चारपाच फेऱ्या या माशांच्या पोटात संपवल्या. वेग वाढवून पाहिला, दिवे विझवून पाहिले. मग कंटाळून तो नाद सोडला आणि वाळू चढण्याआधी एंबर ट्विनच्या गुहा बघायला गेलो.

तिथे एका गुहेत अशाच माशाचा प्रचंड सांगाडा आहे. भिंतीवर नोमाई मुलांनी आपल्या खेळाचे नियम लिहून ठेवले आहेत. एकाने मासा व्हायचे, त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि बाकीच्यांनी आवाज न करता त्याच्या बाजूने निसटायचे. म्हणजे आपली आंधळी कोशिंबीर! हे वाचून मी हसलो आणि पुढच्या क्षणी थबकलो. पट्टी का? कारण मासा आंधळा असतो. तो ऐकतो. मी प्रत्येक वेळी इंजिन चालू ठेवून आत गेलो होतो.

पुढच्या फेरीत धुक्यात शिरल्यावर इंजिन बंद केले आणि यान आपल्या गतीने वाहू दिले. ते जबडे इतक्या जवळून गेले की श्वास रोखला गेला. पण कोणी हलले नाही.

आता या प्रसंगात माझ्या हाती काय आले ते पाहा. नवे यान नाही, चिलखत नाही, किल्ली नाही. पहिल्या फेरीतच कोणी मला हे एक वाक्य सांगितले असते, तर मी पहिल्या फेरीतच पार झालो असतो. वाट कधीच बंद नव्हती. बहुतेक साहसी खेळांत कुलूप जगात असते आणि किल्लीही जगातच कुठेतरी ठेवलेली असते. या खेळात कुलूप खेळाडूच्या अज्ञानाचे आहे.

असे दुवे ग्रहाग्रहांमध्ये विणलेले आहेत. जायंट्स डीपच्या समुद्राखाली एक प्रवाह आहे, तो कोणालाही तळाशी जाऊ देत नाही. वादळे सहसा वर उचलतात. पण त्यांतले एक उलट्या दिशेने फिरते आणि खाली ढकलते. हे कळते ते त्या समुद्रावर नव्हे, ब्रिटल हॉलोच्या दक्षिण ध्रुवावरच्या वेधशाळेत. तळाच्या गाभ्याभोवती विजेचे आवरण आहे, ते ओलांडण्याची युक्ती पुन्हा तिसऱ्याच ठिकाणी एका गोठलेल्या जेलीफिशपाशी सापडते. एका जागेचे उत्तर दुसऱ्या जागेत ठेवल्यामुळे प्रत्येक जागा दोनदा पाहावी लागते. एकदा अडाणीपणे आणि एकदा जाणतेपणी. दुसऱ्या वेळी जागा तीच असते. आपण तेच नसतो.

१८च्या पुढे १८ शून्ये असलेल्या ग्रहांना जे साधले नाही ते या मूठभर गोलांना का साधते, याचे उत्तर इथे आहे. जगाची खोली त्याच्या क्षेत्रफळावर ठरत नाही. एका गोष्टीने दुसरीबद्दल किती कळते, यावर ती ठरते.

भिंतीवरचे वाद

नोमाई ही या सूर्यमालेत अपघाताने अडकलेली आणि पुढे नष्ट झालेली जमात. त्यांचे लेखन भिंतींवर सर्पिलाकार असते. एकाचे म्हणणे संपते तिथून दुसऱ्याच्या उत्तराची फांदी फुटते, तिला तिसरी. म्हणजे आपण वाचतो ती निवेदने नसतात, संभाषणे असतात. त्यांत थट्टा आहे, प्रेम आहे, मापनातल्या चुकांबद्दल कुरबुर आहे आणि खरे मतभेद आहेत. ‘विश्वाचा डोळा’ असे त्यांनी नाव दिलेल्या एका गूढ स्थळाचा पत्ता लावायचा, हे त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम. त्यासाठी लागणारी प्रचंड ऊर्जा मिळवायला सूर्याचाच स्फोट घडवावा का, यावर त्यांच्यात वाद झाला आणि असे करणे अनैतिक आहे म्हणणारे आवाजही भिंतींवर नोंदले गेले आहेत.

लुप्त संस्कृतीचे अवशेष हा साहसी खेळांतला घिसापिटा विषय. बहुतेक ठिकाणी ते अवशेष म्हणजे लुटीचे कोठार असते. थडगे फोडायचे, मूर्ती उचलायची. ‘आउटर वाइल्ड्स’मध्ये उचलून घरी न्यावे असे काही नाही आणि काही नेले तरी २२ मिनिटांनी ते जिथल्या तिथे. आपले मृतांशी नाते चोराचे राहत नाही, वाचकाचे होते. केव्हातरी ते सहकाऱ्याचे होते. एखाद्या नोंदीत कोणी शंका उपस्थित केलेली असते, तिला उत्तर मिळण्याआधीच ती माणसे संपलेली असतात, आणि आपल्याला ते उत्तर दुसऱ्या ग्रहावर नुकतेच दिसलेले असते. फांदी पुढे न्यायला भिंतीवर लिहिण्याची सोय मात्र नसते. ती हळहळ खेळात जागोजागी जाणवते.

जिवंत सोबतीही आहेत. आपल्याआधी निघालेले अंतराळवीर निरनिराळ्या गोलांवर एकेकटे बसून वाद्य वाजवतात : कोणी बँजो, कोणी बासरी, कोणी ढोल, कोणी हार्मोनिका, कोणी नुसती शीळ. जवळून ऐकले तर एकेक सूर. सूर्यमालेच्या कडेला जाऊन ऐकण्याचे यंत्र आत वळवले की सगळे एकाच गाण्याचे भाग होते हे कळते. संगीतकार अँड्र्यू प्राहलो यांनी साधलेला हा परिणाम म्हणजे या खेळाच्या रचनेचा नादातला नकाशाच आहे.

काही आक्षेप

इतके सांगून झाल्यावर उणिवांकडे वळले पाहिजे, नाहीतर ही समीक्षा आरती होईल.

पहिली उणीव वाट पाहण्याची. एखादी जागा फेरीच्या ठरावीक मिनिटाला उघडत असेल आणि तिथे पोचून चूक झाली, तर पुन्हा उठायचे, पुन्हा उड्डाण करायचे, पुन्हा वाळू सरकण्याची वाट पाहायची. पहिल्या दोन वेळा यात जगाचे स्वातंत्र्य जाणवते, चौथ्या वेळी फक्त वेळ जातो. यान चालवणेही अवघड आहे. अवकाशात ब्रेक नसतो, हे भौतिकशास्त्र खरे. पण ग्रहावर आपटून मेलेल्या नवशिक्याला त्याचे कौतुक वाटेलच असे नाही. शिवाय सगळा डोलारा वाचनावर उभा आहे आणि खेळ मराठीतच काय, कोणत्याही भारतीय भाषेत नाही. भिंतीवरच्या थट्टेतली खोच ज्याला कळणार नाही त्याला आंधळी कोशिंबीरही सापडणार नाही.

दुसरा आक्षेप जरा खोल आहे. यानात एक नोंदवही आहे. आपण काय पाहिले त्याचे दुवे ती स्वतःच जोडते आणि एखाद्या जागी काही शिल्लक असेल तर तसे सुचवते. ही सोय नसती तर निम्मे खेळाडू अर्ध्यातून उठले असते, हे मान्य. पण ‘इथे अजून काहीतरी बाकी आहे’ असे सांगणे म्हणजे मनोऱ्याची ती जुनी चिन्हेच मागच्या दाराने आत घेणे नव्हे का? शोध लागण्याच्या मध्यभागी शोध घेण्याची यादी ठेवावीच लागली.

तिसरा आक्षेप याहून महत्त्वाचा. या विश्वात निरर्थक असे जवळजवळ काही नाही. प्रत्येक गुहेत सुगावा आहे, प्रत्येक नोंद कुठेतरी जुळते. खरे संशोधन असे नसते. आयुष्याची वर्षे घालून हाती काही न लागणे हा संशोधनाचा नित्याचा अनुभव आहे. खेळाडूला मात्र पूर्ण खात्री असते की उत्तर आहे आणि ते त्याला सापडण्यासाठीच ठेवले आहे. उत्कंठा खरी असली तरी जोखीम खोटी. हा दोष केवळ याच खेळाचा नाही, रचलेल्या कोणत्याही कोड्याचा आहे. तरी ज्या खेळाने ज्ञानालाच आपले एकमेव चलन केले, त्याला हा प्रश्न इतरांपेक्षा जास्त टोचायला हवा.

आणि मला वाटते, तो टोचला आहे. त्याचे उत्तर खेळाने खेळाडूच्या वाट्याला दिले नाही, ते नोमाईंच्या वाट्याला दिले.

मावळता सूर्य

इथून पुढे एक रहस्य फोडणे भाग आहे. हा खेळ खेळण्याचा विचार असलेल्यांनी इथेच थांबावे. शेवट मात्र सांगणार नाही.

सूर्याचा स्फोट होतो आहे आणि आपल्याला पुन्हा पुन्हा संधी मिळते आहे, म्हणजे तो स्फोट थांबवणे हेच आपले काम, असे कोणताही अनुभवी खेळाडू धरून चालतो. इतकी वर्षे खेळांनी आपल्याला तेच शिकवले आहे. नोमाईंनी सूर्य फोडण्यासाठी उभारलेल्या केंद्राचा पत्ता लागतो तेव्हा तर खात्रीच पटते. मोठ्या कष्टाने तिथे पोचावे, तर तिथली नोंद सांगते की प्रयोग फसला होता. त्यांच्या यंत्राचा सूर्यावर काहीही परिणाम झाला नाही. सूर्य मरतो आहे तो वय झाले म्हणून. बाहेर पाहिले तर दूरचे तारेही एकेक करून विझताना दिसतात.

एंबर ट्विनवर बसलेले चर्ट हे आपले खगोलज्ञ सहकारी. फेरीच्या आरंभी त्यांना भेटावे तर ते आनंदाने ताऱ्यांचा नकाशा काढत असतात. मध्यावर भेटावे तर गोंधळलेले : इतके तारे एकदम कसे फुटताहेत? त्यानंतर भीती. अगदी शेवटी भेटावे तर ते शांतपणे सोबत बसा म्हणतात. २२ मिनिटांत एका वैज्ञानिकाला एक शोध लागतो; तो शोध कोणालाही नको असलेला आहे आणि त्यावर काहीही करता येण्यासारखे नाही. माझ्या दृष्टीने हा सगळ्या खेळातला सर्वांत धीट प्रसंग आहे.

नोमाईंच्या कथेचा दुसरा भाग असा : त्यांची बाकीची यंत्रणा अचूक होती, फक्त ऊर्जेअभावी बंद पडून राहिली. दोन लाखांहून अधिक वर्षांनी सूर्य आपल्या मरणाने मेला, ती ऊर्जा मिळाली आणि यंत्रणा चालू झाली. आपण अनुभवतो ती कालाची फेरी म्हणजे तोच त्यांचा प्रयोग. प्रयोग यशस्वी झाला तेव्हा प्रयोग करणारे कोणी उरले नव्हते. काम करता करता, उत्तर न कळताच ती माणसे गेली. खेळाडूला मिळालेली यशाची हमी त्यांना नव्हती. आपल्याला सहज लागणाऱ्या प्रत्येक शोधामागे कोणाचा तरी न लागलेला शोध उभा आहे, हे त्या भिंती आपल्याला वाचायला लावतात.

मग जगाला वाचवता येत नसेल तर जाणून घ्यायचे कशासाठी? प्रश्न खेळापुरता नाही. उपयोग काय, हे विचारल्याशिवाय आज कोणत्याही अभ्यासाला पैसा मिळत नाही, आणि ते विचारणे सर्वस्वी चूकही नाही. पण उपयोग हेच एकमेव उत्तर असते, तर खेळाडूने सूर्यकेंद्रातून परतल्यावर खेळ बंद करायला हवा होता. मी बंद केला नाही. उलट त्यानंतरच्या फेऱ्या मी अधिक आस्थेने खेळलो. आधी पडणाऱ्या वाळूकडे मी शत्रू म्हणून पाहत होतो. नंतर ती नुसती पाहत बसलो. वादळात बेट उडताना पाहिले, बासरी ऐकली. त्या फेऱ्यांत मला काही मिळवायचे नव्हते. क्राउदरच्या गुहेत गुणफलक लागण्याआधी असेल तशी ती भटकंती होती.

या खेळाला एक किंमत आहे. तो एकदाच खेळता येतो. दुसऱ्यांदा सुरू केला तर सगळ्या वाटा पहिल्या मिनिटापासून उघड्या असतात आणि म्हणूनच तिथे काही करण्यासारखे उरत नाही. घेतलेला शोध पुन्हा घेता येतो. लागलेला शोध पुन्हा लागत नाही. तेव्हा तो पूर्ण केलेली माणसे एकच गोष्ट करतात. दुसऱ्या कोणाला तरी तो खेळायला देतात, शेजारी बसतात आणि तोंड घट्ट मिटून बघत राहतात. परवा माझ्या भाच्याने इंजिन चालू ठेवूनच त्या धुक्यात यान घातले. माशाने त्याला गिळले. तो माझ्याकडे वळून म्हणाला, “मामा, काहीतरी सांग ना.” मी सांगितले नाही. त्याच्या वाट्याची ती गुहा अजून बाकी आहे.